‘जातो’चं ‘जाते’ होताना: कोल्हापुरातल्या एका हस्तलिखिताचा प्रकरण अभ्यास

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. स्पायरल बाइंडिंग केलेली २१२ पानं माझ्या हातात ठेवून म्हणाली, “बाई, वाचा आणि खरं ते सांगा.” चहा घेतला, दारात चप्पल घालताना “येतो बाई” म्हणाली आणि गेली.

ती तिची पहिली कादंबरी. मंगळवार पेठेत वाढणाऱ्या एका मुलीची नऊ ते एकोणीस ही दहा वर्षं. आम्ही वर्गात जिला वयात येण्याची कादंबरी म्हणतो, तशी. तेव्हापासून तिचे तीन खर्डे झाले, पाच जणांनी ती वाचली, एकदा ती मुद्रितशोधनापर्यंत जाऊन परत आली. मुलीकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा आणि देवाधर्माच्या प्रतिमा यांची गाठ कुठं आपसूक बसते आणि कुठं ओढूनताणून बांधलेली दिसते, हे या एका हस्तलिखितात मला जितकं लख्ख दिसलं तितकं तीस वर्षं शिकवताना दिसलं नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. लेखिकेला विचारूनच लिहिते आहे, पण तिचं आणि तिच्या पात्रांचं नाव देत नाही, कारण पुस्तक अजून छापायचं आहे.

पहिला खर्डा

कादंबरीतलं घर दोन खोल्यांचं, वर माडी. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. आजी, थोरला भाऊ आणि ही मुलगी. मुलगी नऊ वर्षांची असताना ललिता पंचमीला सगळं घर टेंबलाईच्या टेकडीवर जातं, तिथून गोष्ट सुरू होते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी इथं थोडं थांबायला हवं. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष यानं योगदंडाच्या जोरावर अंबाबाईसकट सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, युक्तीनं तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि त्यात टेंबलाईलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. आजही नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते. दोघींची भेट होते, एका कुमारिकेची पूजा होते आणि तिच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडला जातो. कोहळा म्हणजे तो असुर. तो फुटला की तुकडा मिळवायला झुंबड उडते, कारण तुकडा घरी आणला की बरकत येते असं मानतात.

जिच्यामुळं सगळे सुटले तिलाच पंगतीचं बोलावणं गेलं नाही, ही गोष्ट मला लहानपणापासून फार जवळची वाटत आली आहे. आमच्या पेठेतल्या कितीतरी घरांत अशी एक टेंबलाई असते.

पहिल्या प्रकरणातलं ते दृश्य असं होतं. मुलगी मामाच्या खांद्यावर बसली आहे. गर्दीतून तिला कुमारिकेचे फक्त हात दिसतात. त्रिशूळ जड असल्यामुळं दोन्ही हात वर ताणलेले, हिरव्या बांगड्या घसरून कोपरापाशी आलेल्या. कोहळा फुटल्याचा आवाज तिला येतच नाही, एकदम गर्दीचाच आवाज येतो. थोड्या वेळानं दादा धावत येतो. शर्टाची दोन बटणं तुटलेली, मुठीत कोहळ्याची पांढरी ओली फोड, तिला एक बी चिकटलेली. आई ती फोड पदराच्या टोकाला बांधते. घर येईस्तोवर पदर ओला होतो, आणि चालताना मुलीचं लक्ष सारखं त्या गाठीकडं, जणू आईनं पदरात काहीतरी जिवंत बांधून आणलंय.

इतकं चांगलं दृश्य, आणि लगेच पुढचं वाक्य: “ती कुमारिका म्हणजे मीच होते, माझ्यातली आदिशक्ती त्या दिवशी जागी झाली.”

तिथं मी पेन्सिल उचलली. पुढं वाचत गेले तसतशा ‘देवी’, ‘अंबाबाई’, ‘दुर्गा’, ‘शक्ती’ या शब्दांखाली रेघा मारत गेले. शेवटी मोजल्या तर १४१ भरल्या. मुलीला शाळेत कुणी छेडलं की दुर्गा. आई वडिलांसमोर गप्प बसली की मूर्तीसारखी स्तब्ध अंबाबाई. मुलगी रागानं माडीवर जाऊन बसली की टेंबलाई.

शहाणी

तीन वर्षांनी, नवरात्रातच, मुलीला पहिली पाळी येते. घरात घट बसलेले. पत्रावळीवर शेतातली माती, मातीत धान्य पेरलेलं, पाचव्या दिवशी पिवळट कोंब बोटभर वर आलेले. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या कोंबांवर पाणी शिंपडायचं काम तिच्याकडंच होतं. सकाळी आजी तिला माडीवर पाठवते आणि खाली आलेल्या शेजारणीला सांगते, “पोरगी शहाणी झाली.”

आमच्याकडं पहिल्या पाळीला हाच शब्द आहे. ‘शहाणी झाली’, ‘न्हाण आलं’, ‘पदर आला’. मुलगा कामाला लागला की ‘हाताशी आला’ म्हणतात. त्याला हाताशी यायला पाच-सात वर्षं लागतात, काहीतरी शिकावं लागतं. मुलगी एका रात्रीत शहाणी होते, आणि शहाणी झाल्याबरोबर तिला जिना चढून वर जावं लागतं. लेखिकेनं हा शब्द आजीच्या तोंडी घातला होता, पण त्याच्याकडं वळून बघितलं नव्हतं. त्याऐवजी दीड पान गुवाहाटीच्या कामाख्या देवीवर होतं: देवीसुद्धा रजस्वला होते, मग मुलीला विटाळ कसा, असा युक्तिवाद. युक्तिवाद चुकीचा नाही. पण बारा वर्षांची मुलगी माडीवर चटई टाकून बसली आहे, खाली पालखी निघाल्याचा गलका ऐकते आहे, आणि आज त्या कोंबांना पाणी कोण शिंपडत असेल याचा विचार करते आहे. तिच्या मनात त्या वेळी गुवाहाटी येईल कशाला?

मी तिला बोलावून जे सांगितलं तेच या अभ्यासातलं माझं मुख्य म्हणणं आहे. आजी मुलीला ‘घरची लक्ष्मी’ म्हणते, वडील ‘माझी अंबाबाई’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात सगळं मागून घेतात: हळू बोल, पाय आपटू नकोस, उंबऱ्यावर बसू नकोस, केस मोकळे सोडू नकोस. देवी म्हटलं की तिनं कसं वागायचं हे ठरूनच जातं. आता कादंबरीकारानंही मुलीला पानापानांवर देवी केली, तर घरानं तिला जे केलं तेच कादंबरीनं केलं. बाराव्या वर्षी घाबरण्याचा, हट्ट करण्याचा, चूक करण्याचा तिचा हक्क दोघांनीही काढून घेतला. हेतू वेगळा असेल, पण मुलीच्या वाट्याला येणारं ओझं सारखंच.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाई, मग देव काढूनच टाकू का सगळे?”

तो उपाय मला मान्य नव्हता. कोल्हापुरातल्या मुलीच्या आयुष्यातून अंबाबाई काढली तर उरणारं शहर कुठलंच नसेल. मी तिला फक्त एक कसोटी दिली. प्रतिमा मुलीच्या हातात, पायात, अंगावर काही काम करत असेल तर ठेव. मुलीच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवलेली असेल तर काढ. कोहळ्याची ओली फोड ठेव. घटाचं पाणी ठेव. आदिशक्ती काढ.

तालमीतला मारुती

दुसरा खर्डा आठ महिन्यांनी आला. १४१ रेघांतल्या १९ उरल्या होत्या. या वेळी मी तो आणखी तिघांना दिला: एक ग्रंथपाल मैत्रीण, एक तरुण कवी आणि एक निवृत्त क्रीडाशिक्षक. सर स्वतः तालमीत वाढलेले, कुस्तीत मोडलेल्या कानांचे. सरांना कादंबऱ्या वाचायची सवय नाही, पण त्यांच्याकडून जे आलं ते आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.

ते म्हणाले, “मुलीच्या देवीबद्दल एवढं बोलताय, पोराच्या मारुतीबद्दल कुणी बोलायचं?”

कादंबरीतल्या भावाला वडील अकराव्या वर्षी तालमीत घालतात. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं त्या शहरात पहिलवानकी हा पोराचा आपोआप ठरलेला मार्ग. दादाला कुस्ती येत नाही. तो रोज पहाटे उठतो, हौदातली लाल माती खोऱ्यानं उकरतो, मारुतीला तेल घालतो, मार खातो आणि घरी येऊन बहिणीवर हात उगारतो. दोन्ही खर्ड्यांत त्याचं काम तेवढंच होतं: बहिणीवर हात उगारणं. सरांनी विचारलं की हा पोरगा मारुतीपुढं हात जोडून काय मागत असेल? ‘ताकद दे’ असं मागत असेल की ‘मला इथनं सोडव’ असं?

या एका प्रश्नानं दादाचं पात्र उभं राहिलं. मुलीला देवीसारखी हो म्हणायचं आणि मुलाला मारुतीसारखा हो म्हणायचं, ब्रह्मचारी, बलवान, न रडणारा. दोघांच्या मानेवर दोन देव. तिसऱ्या खर्ड्यात एक लहानसा प्रसंग आला आहे. माडीवर बसवलेल्या बहिणीला जेवणाचं ताट द्यायला दादा जिन्यावर येतो, तिला शिवायचं नाही म्हणून ताट वरच्या पायरीवर ठेवतो, आणि तिथंच, तिच्यापासून तीन पायऱ्या खाली, बसून राहतो. त्याचा कान त्या दिवशी पहिल्यांदा सुजलेला आहे. दोघंही काही बोलत नाहीत. पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं पान ते.

घराबाहेर पडणं

लेखिकेला एक वेगळी अडचण सतत छळत होती: माझी नायिका घर सोडून जातच नाही, मग ही वयात येण्याची कादंबरी कशी? तिच्या अभ्यासक्रमातच हा संशय पेरलेला होता. जर्मन भाषेत १८१९ च्या सुमारास कार्ल मॉर्गनस्टर्न यांनी ‘बिल्डुंग्सरोमान’ हा शब्द वापरला, तेव्हापासून या प्रकारचा साचा साधारण एका तरुणाचा आहे. तो घर सोडतो, गावोगाव फिरतो, ठेचा खातो आणि शेवटी जगात आपली जागा मिळवतो. मुलीला फिरायला मिळत असेल तर ना! मराठीत हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. त्यातली यमुना लहानपणापासूनची आपली हकिकत स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि तिचा प्रवास होतो तो एका घरातून दुसऱ्या घरात. मी लेखिकेला एवढंच म्हटलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजू नकोस. तुझ्या मुलीचा सगळ्यात लांबचा प्रवास खालच्या खोलीतून माडीपर्यंतचा आहे, अकरा पायऱ्यांचा.

नायिका अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला जाते, पण ते प्रकरण दुसऱ्या खर्ड्यात घाईनं उरकलं होतं. त्याकडं पुढं येते.

गाभारा आणि किरणं

एका प्रकरणावरून वाचकांत मतभेद झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये, १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचं पालन करवून घेणं सरकारचं काम आहे असं मुंबई उच्च न्यायालयानं बजावल्यानंतर, अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी जाण्यावरून शहर ढवळून निघालं होतं. हिंदू व्यक्तीला सार्वजनिक मंदिरात जाण्यापासून अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद त्या कायद्यात साठ वर्षं होती. लेखिकेनं यावर वीस पानं लिहिली होती, जवळजवळ वार्तांकनच. ग्रंथपाल मैत्रिणीला भीती होती की लोकांच्या भावना दुखावतील. मला ती भीती पटली नाही. १८९९ मध्ये पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, आणि त्यातून उठलेलं वेदोक्त प्रकरण या शहरानं वर्षानुवर्षं उघडपणे भांडून काढलं. विधीवरून वाद घालणं कोल्हापूरला नवं नाही.

माझा आक्षेप वेगळा होता. गाभाऱ्याचा लढा मोठा आणि रास्त आहे, पण या मुलीचा गाभारा घरात आहे, देव्हाऱ्यासमोरची दोन फूट फरशी. तिथं कुठला कायदा पोहोचणार? वीस पानांची शेवटी तीन झाली. पुण्याच्या वसतिगृहात टीव्हीवर मुलीला आपला महाद्वार दिसतो, भोवतालच्या मुली विचारतात, “तुमच्याकडे असं असतं?” आणि आई फोनवर म्हणते, “आत जाऊन काय करायचंय गं, बाहेरनं दिसती की.” आईचं हे वाक्य मुलीला आधी लाचारीचं वाटतं. खूप नंतर तिच्या लक्षात येतं की आई रोज पहाटे चालत देवळात जाते, आणि घरातून तेवढा अर्धा तास एकटीनं बाहेर पडायला तिला जगात दुसरं कुठलंही कारण चालत नाही.

किरणोत्सवाबाबत मात्र मी चुकले होते. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत थेट मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी पाय, मग कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा. पहिल्या खर्ड्यात लेखिकेनं पूर्ण कादंबरीच या तीन दिवसांवर रचली होती. भाग पहिला पाय, दुसरा कंबर, तिसरा चेहरा. शेवटच्या पानावर सूर्य नायिकेच्या चेहऱ्यावर. मला ते फारच आखीव वाटलं आणि मी किरणोत्सव काढून टाकायला सांगितलं.

तिनं ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं. तिनं आठवण करून दिली ती आम्हा कोल्हापूरकरांना पाठ असलेली गोष्ट: किरणं दरवेळी पोहोचतातच असं नाही. वाटेतल्या इमारती आडव्या येतात, हवेत धूळ असते, ढग येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात किरणांचा एकेक टप्पा मिनिटांसकट छापून येतो: गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन, चरणस्पर्श, आणि मग ‘किरणे कमरेपर्यंत येऊन लुप्त’. आता तिसऱ्या खर्ड्याच्या शेवटी जानेवारीअखेरचा किरणोत्सव आहे. मायलेकी गर्दीत उभ्या आहेत. पिवळा पट्टा फरशीवरून सरकत जातो, चांदीच्या उंबऱ्यावर चढतो, पायांवर, गुडघ्यांवर, कमरेपर्यंत येतो आणि विझतो. कुणीतरी हळहळतं. आई घड्याळ बघते, पिशवी उचलते आणि म्हणते, “उद्या येऊ.” ज्या प्रतिमेनं मुलीला उजळून काढायचं ठरवलं होतं, तीच अर्ध्यावर थांबली तेव्हा कुठं मुलगी माणूस म्हणून दिसली.

मुद्रितशोधकानं केलेली दुरुस्ती

दुसरा खर्डा थोडा सुधारून एका प्रकाशकाकडं गेला. तिथल्या पुण्याच्या मुद्रितशोधकानं काम मन लावून केलं होतं, त्यात शंका नाही. महिन्याभरानं लेखिका प्रुफं घेऊन आली, चेहरा पडलेला. निवेदन प्रमाण मराठीत होतं, त्याला फारसा धक्का नव्हता. पण संवादांत जिथं जिथं मुलगी, आई, आजी “मी जातो”, “मी आलो”, “मी करतो” म्हणत होत्या, तिथं तिथं लाल शाईनं जाते, आले, करते. समासात एकच टीप: ‘कर्ता स्त्रीलिंगी’.

बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी मंगळवार पेठेत वाढले; घरात आजही माझ्या तोंडून ‘येतो’ निघतं, वर्गात उभी राहिले की ‘येते’. लेखिका त्या पहिल्या दिवशी माझ्या दारात ‘येतो बाई’ म्हणाली होती. ते कानावर पडूनही मला वेगळं काही ऐकू आलं नव्हतं, इतकं ते आमचं आहे.

प्रुफं टेबलावर पसरून आम्ही दोघी बसलो. पुण्याच्या प्रकरणात अर्धं पान असं होतं: वसतिगृहात पहिल्या रात्री नायिका “मी आंघोळ करून येतो” म्हणते, खोलीतल्या तिघी हसतात, एक प्रेमानंच समजावते, “अगं, येते म्हण.” दुरुस्त प्रुफात त्या हसण्याला काही अर्थच उरला नव्हता, कारण नायिका नवव्या वर्षापासून ‘येते’च म्हणत आली होती. दुरुस्तीनं हे अर्धं पान मोडलं आणि त्यामुळंच ते आम्हाला दिसलं. मुलगी वयात येते ती दोनदा. एकदा बाराव्या वर्षी माडीवर, आजी ‘शहाणी’ म्हणते तेव्हा. दुसऱ्यांदा अठराव्या वर्षी, मैत्रीण ‘येते म्हण’ म्हणते तेव्हा. पहिल्या वेळी देव्हारा सुटतो, दुसऱ्या वेळी क्रियापद. दोन्ही वेळी शिकवणारी बाईच आहे आणि तिचा हेतू वाईट नाही.

तरुण कवीला ही कल्पना फार आवडली. ‘जातो’ म्हणजे स्त्रीनं मिळवलेलं पुरुषत्व, तेच कादंबरीचं बंड करा, असं त्यानं सुचवलं. मी ठाम विरोध केला. कोल्हापूरच्या मुलीला ‘जातो’ म्हणताना आपण पुरुषासारखं काही बोलतो आहोत असं वाटत नाही. तिच्या आईची भाषा ती. आणि ‘मी जातो’ म्हणणारीला प्रत्यक्ष जायला मिळतंच असंही नाही. ‘मी जातो’ म्हणत म्हणतच आमच्या आया चार दिवस बाजूला बसल्या, ताट पायरीवरून उचललं, सातच्या आत घरात आल्या. त्या क्रियापदावर बंडाचा शिक्का मारणं म्हणजे पुन्हा मुकुटच ठेवणं; फक्त देवीऐवजी दुसरा.

लेखिकेनं तिसऱ्या खर्ड्यात काय केलं ते सांगते. घरात ‘जातो’ तसंच ठेवलं, कुठंही खुलासा नाही, तळटीप नाही. पुण्यात हळूहळू ‘जाते’ येऊ दिलं. आधी वर्गात, मग मैत्रिणींत, मग स्वप्नात. आईशी फोनवर मात्र ‘जातो’. एकदा सुट्टीत घरी आल्यावर मुलगी चुकून “मी जाऊन येते” म्हणते. आई पिकोच्या मशीनवरून मान वर करते, तिच्याकडं बघते आणि पुन्हा मशीन सुरू करते. प्रकाशकाला एक पत्र लिहून दुरुस्त्या मागं घ्यायला सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं, थोडी कुरकुर करत.

पाचवी वाचक

पाचवी वाचक लेखिकेची आई. लेखिका तिला हस्तलिखित द्यायला तयार नव्हती. कादंबरीतल्या आईत आपली आई ओळखू येते, आणि ती बऱ्याचदा गप्प बसणारी, सोसणारी बाई आहे, ही खंत तिला होती. मी आग्रह केला नाही. या वर्षी मे महिन्यात तिनं आपणहून वही आईच्या मशीनशेजारी ठेवली.

आईनं वाचायला तीन आठवडे घेतले. शाळा सातवीपर्यंत झालेली, बोट ठेवून वाचते. माडीच्या प्रकरणाबद्दल ती काही बोलली नाही. दादाच्या कानाबद्दल बोलली नाही, पुण्याबद्दलही नाही. लेखिकेनं शेवटी धीर करून विचारलं, कसं वाटलं. आईनं पहिलं प्रकरण उघडलं, कोहळ्याच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली,

“ह्ये चुकलंय बघ. तुकडा दादानं न्हाई आणला. दादा रडत होता, चप्पल हरवली म्हणून. तू मामाच्या खांद्यावर. मी शिरलो होतो आत.”

लेखिका दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. तिला त्या दिवसातलं मामाच्या खांद्यावरून दिसलेलं सगळं आठवतं: त्रिशूळ, बांगड्या, कोपर. आईच्या पदरातली ओली गाठ आठवते. तुटलेली बटणंही आठवतात. ती दादाच्या शर्टाची होती की आईच्या ब्लाउजचे हूक, हे आता तिला सांगता येत नाही. वीस वर्षं तिच्या मनात गर्दीत घुसून तुकडा घेऊन येणारा दादाच होता.

पहिलं प्रकरण तिनं पुन्हा लिहायला घेतलं आहे.